सुखदेवभाऊंचं सफरचंद

त्या झाडाला लागलेलं एकुलतं एक सफरचंद मी खाल्लं.

भूक लागली होती, फळ समोर होतं, खाल्लं. मधला गाभा उरला, तो खिडकीतून बकरीला टाकला. झाड शेजारच्या सुखदेवभाऊंचं होतं. बकरीही त्यांचीच.

आमच्या धाड गावाला सोयाबीन होतं, मका होतो, कपाशी होते. सफरचंद मात्र आठवडी बाजारातल्या गाड्यावर दिसतं, नाहीतर आजारी माणसाच्या उशाशी. म्हणून सुखदेवभाऊंच्या न्हाणीमागे बियांपासून उगवलेलं झाड सफरचंदाचं आहे, हे कळल्यावर अर्धं गाव बघायला आलं होतं. उरलेलं अर्धं गाव म्हणालं, पेरू असंल.

सुखदेवभाऊ एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांच्या हाती शेतीचं कुठलं तरी मासिक लागलं. त्यात फळझाडाच्या नव्या वाणाचं वर्णन कसं करावं, असा लेख होता. आकार, देठ, साल, गर, चव, टिकाऊपणा आणि शेवटी कीड. हा लेख त्यांच्या अंगात असा भिनला, की त्यांना माणसं दिसेनाशी झाली. त्यांना फक्त फळं दिसू लागली. सरपंचांना पाहून ते म्हणाले, "बाहेरून पिकेल, अंदरून कच्चा." माझी बायको मीना नवरी होऊन आली तेव्हा म्हणाले, "साल नाजूक, गर घट्ट. टिकीन." मग माझ्याकडे वळले. "आकार बसका, देठ जाड. गराचं सांगता येत नाही बा. अंदाजपंचे नाही सांगाचं."

'अंदाजपंचे नाही सांगाचं' हे त्यांचं पालुपद. पाऊस येईल का, विचारलं तरी हेच.

मासिकात त्यांनी आणखी एक गोष्ट वाचली होती, आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ओट्यावर बसवून सांगत. सफरचंदाचं बी लावलं तर झाड आईवर जात नाही, बापावरही जात नाही. दरेक बी म्हणजे नवं वाण. "म्हंजे हे झाड दुनियेत एकच आहे बे! हिमाचलात नाही, काश्मिरात नाही, धाडात आहे." झाडाचं वर्णन त्यांना पाठ होतं आणि ते म्हणायची चाल थांबे पुकारण्याची होती. "पान लांबट, कडा करवतीवानी, फूल पांढरं गुलाबी, कीड नाही!" 'कीड नाही' म्हणताना ते डबल बेल द्यायला दोरी ओढल्यासारखा हात वर करत.

या वर्षी त्या झाडाला पहिल्यांदा फळ धरलं. फुलं पुष्कळ आली, गळाली. राहिलं एक. भाऊंनी त्याला बायकोच्या जुन्या लुगड्याची पिशवी बांधली. नाव काय ठेवणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चव कळू दे. चवीवर नाव ठरीन. त्याच्याआधी नाही."

वटपौर्णिमेच्या सकाळी फळ हात लावताच देठातून सुटलं. भाऊंना ते बुलडाण्याच्या शेतकी साहेबाला दाखवायचं होतं. पण आमच्याकडे वानरं फार. फळ घेऊन जीपच्या थांब्यावर उभं राहायची सोय नाही, आणि भाऊंच्या टिनाच्या घरात तर वानरं पाव्हण्यासारखी येऊन भाकरी नेतात. म्हणून भाऊंनी फळ मीनाच्या हाती दिलं आणि साहेबालाच आणायला निघाले.

मीना वडाला निघाली होती. तिनं फळ पूजेच्या ताटाशेजारी फळीवर ठेवलं आणि मला सांगितलं, "अहो, हे भाऊचं आहे. याले हात नोका लावू." मी मोबाइलवर जुनी क्रिकेट मॅच पाहत होतो. मी 'हो' म्हणालो. हा शब्द न ऐकता म्हणायला मी लग्नानंतर शिकलो.

घरात तिचा उपास, म्हणजे माझाही. मॅच पाहतापाहता फळीवर नजर गेली. आंबे ती घेऊन गेली होती, केळी घेऊन गेली होती. एक सफरचंद राहिलं होतं. वटपौर्णिमेची फळं नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी असतात. मी नवरा आहे. आयुष्य टिकवायला खावं लागतं. मी मराठीचा मास्तर, पण तर्कशास्त्रात कधी चुकत नाही.

भाऊ साहेबाला घेऊन आले तेव्हा मी ओट्यावर दात कोरत होतो.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते मला विस्तारानं ऐकवण्यात आलेलं आहे. मीना डोक्याला हात लावून बसली. साहेब भला माणूस. तो म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी फळ आलं की फोन करा," आणि चहा न घेता गेला. भाऊ बकरीजवळ गेले, तिचं तोंड उघडून आत पाहिलं आणि परत मिटलं.

"भाऊ, पुढच्या वर्षी येईलच की," मी म्हणालो.

"झाडाले येईन. पुढच्या बहाराले मी आहो का नाही, ते अंदाजपंचे नाही सांगाचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, आता तूच फळ. सांग."

आकार, रंग, देठ हे सगळं त्यांनी बाहेरून पाहिलेलं होतं. राहिला होता गर आणि चव, आणि दुनियेत ती चव घेतलेले जीव दोनच. त्यातला एक बकरी.

"चांगलं होतं," मी म्हणालो.

"चांगलं ही चव आहे काय बे?"

वर्षानुवर्षं मी पोरांना 'माझे आवडते फळ' हा निबंध घालतो. 'रसाळ', 'मधुर', 'अवीट' असे शब्द फळ्यावर लिहून देतो. आता मला एकही उपयोगी पडेना, कारण खरं सांगायचं तर मला चव आठवतच नव्हती. त्या वेळी शेवटच्या जोडीला जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या.

भाऊंनी हार मानली नाही. ते बाजारातून तऱ्हेतऱ्हेची सफरचंदं आणू लागले. मला डोळे मिटायला लावून एकेक फोड भरवत. "यापरीस गोड का कमी? हे कुरकुरीत, ते होतं का असं?" मी गंभीर चेहरा करून "जवळपास" म्हणे आणि आणखी एक फोड मागे. इतकी सफरचंदं मी तापातसुद्धा खाल्ली नव्हती. गुन्ह्याची अशी शिक्षा असेल, तर वानरांनी कायदा पाळायचा कशाला?

एका संध्याकाळी मात्र ते रिकाम्या हातांनी आले. कंडक्टरकी संपल्यावरही त्यांचा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत जाई. त्या दिवशी तो माझ्यापर्यंतही नीट पोचेना. "मास्तर, एकडाव सांगून टाक. गोड होतं का आंबट?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटू दे. कोणाला आपलं फळ गोड नको असतं? मी छातीठोकपणे म्हणालो, "गोड, भाऊ! साखर! काश्मीर झक मारतं."

भाऊ म्हणाले, "असं काय. मंग ते तिचं नाही."

"कोणाचं?"

"आमच्या घरचीचं."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ त्यांना 'अवं' म्हणत, आणि गाव 'कंडक्टरीण काकू' म्हणे. त्यांचं नाव काय होतं, हे शेजारी राहून मलाही माहीत नव्हतं.

"दवाखान्यात होती," भाऊ म्हणाले. "मी चांगलं महागाचं सफरचंद घेऊन गेलो. तर तोंड वाकडं करे. म्हने, याच्यात आंबटच नाही. तिले सारं आंबट पायजे. चिंच, कैरी, बोरं. डाक्तर नाही म्हने तरी उशीखाली चिंच. अन् बिया पुडीत बांधून घरी आनल्या, न्हानीमांगं खोचल्या. मी हासलो. म्हनलं, धाडात सफरचंद होते काय? तर म्हने, होईन, अन् माह्या हातचं आंबटच होईन, लावता पैज?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कोंब पाह्याले काही ती राह्यली नाही. आंबट निंगालं असतं तर तिचं नाव देनार होतो. गोड फळाले तिचं नाव कसं देऊ? खोटं होईन ते."

तेवढ्यात मीना चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"गोड?" ती म्हणाली. "कोनतं गोड? ते सफरचंद?"

"हो. म्हणजे, साधारण."

"मंग त्या दिवशी मिठाचा डबा काऊन उघडा होता? मी वडावरून आली तं सैपाकाच्या अर्ध्या ओट्यावर मीठ अन् तिखट सांडेल. तुमाले म्हनलं बी का हे काय करून ठेवलं. साखरेवर मीठ टाकून खाल्लं काय तुमी?"

आणि मला आठवलं. आधी जिभेला आठवलं, मग मला. पहिला घास घेतला आणि डावा डोळा आपोआप मिटला होता. कानामागे शिरशिरी आली होती. ऐन शेवटच्या षटकात मॅच थांबवून मी स्वयंपाकघरात मीठ-तिखट शोधायला गेलो होतो, आणि मॅच थांबवून मी एरवी पाणीही पीत नाही.

"आंबट होतं, भाऊ!" मी ओरडलो. "कैरीसारखं. नाही, कैरीला हिरवट वास असतो, तो नव्हता. आधी आंबट, दात शिवशिवले, आणि गिळल्यावर मागून जराशी गोडी. तिखट-मीठ लावलं तर हात थांबेना."

"अंदाजपंचे सांगून राह्यला काय?"

"देवाशप्पथ!"

भाऊंनी मीनाकडे पाहिलं. मीनानं मान हलवली. माझ्या शपथेपेक्षा त्यांना तिची मान जास्त पटली. टोपी तशीच ओट्यावर टाकून ते न्हाणीमागे गेले. आम्हीही गेलो. झाडाच्या खोडाला हात लावून ते उभे होते.

"जितली तू," ते म्हणाले. मग नवीन मास्तरणीसमोर पोरगं हजेरी देतं तसे, अडखळत म्हणाले, "कौशल्या."

मीनानं पदर तोंडाला लावला. फांदीखाली बांधलेली बकरी तेवढ्यात एक पान ओरबाडून गेली, तर भाऊंनी तिला हाकललं नाही.

अशा वेळी गप्प राहावं, एवढं मला कळायला हवं होतं. पण इतिहासात जागा मिळवायची संधी परत कधी येणार? मी खाकरून म्हणालो, "भाऊ, आता वर्णन पूर्ण झालं. चव पहिल्यांदा मीच घेतली. साहेबाला सांगाल तेव्हा त्यात माझंही नाव घ्या कुठंतरी."

"घेईन ना," भाऊ डोळे पुसत म्हणाले. "किडीची जागा रिकामीच आहे."