चिंचेचं वय

"झाडाकडं नुसतं बघतो आणि वय सांगतो!" निमिष हे ज्याला-त्याला ऐकवायचा. आता साताऱ्यात 'वृक्ष सल्लागार' अशी पाटी लावून बसलेल्या माणसाला एवढं तरी यायलाच हवं म्हणा!

कऱ्हाडच्या उदयसिंह बिल्डरांच्या प्लॉटवर नेमकी मधोमध एक चिंच उभी होती. पन्नाशी गाठलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं, मग इमारत विसरायची.

"निमिषराव, चिंच पन्नाशीच्या आत बसली, तर पुढच्या चारही प्लॉटांचं काम तुमचं," उदयसिंह म्हणाले.

निमिषनं बुंध्याला टेप गुंडाळला, आकडेमोड केली. आली की एकोणपन्नास! आणि खरीखुरी, बरं का! गड्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

पण पाहणीला आलेले वृक्ष अधिकारी मधुकर साहेब कागदाचे पक्के. "टेपचं काय घेऊन बसलात? पुरावा द्या!"

पुरावा शेजारच्याच घरात राहत होता. राहीबाई!

"व्हय, म्याच चिंचोका टाकला की! लगीन हून आले त्या साली. अठराची हुते मी."

बाई दिसत होती सदुसष्टची. त्यातून अठरा गेले, उरले एकोणपन्नास! निमिषला म्हातारीच्या पायाच पडावंसं वाटलं.

"आजी, आधार कार्ड दाखवा," साहेब म्हणाले.

कार्डावर वय सत्त्याहत्तर! जन्मतारीख अर्थातच एक जून. साहेबांनी वजाबाकी केली. "एकोणसाठ. वारसा वृक्ष!"

उदयसिंहांचं तोंड कच्ची चिंच चावल्यागत झालं. निमिषनं म्हातारीला बाजूला घेतलं. "आवं आजी, ही दहा वर्षं कुठनं आणलीत?"

"हळू बोल की रं! पंच्याहत्तरीला यष्टी फुकाट हाय. दर मंगळवारी औंधाला जाते. यमाईचं दर्शन हुतं, लेक भेटती. कार्ड गेलं तर मला कोण न्हेणार? तू?"

"काय कुजबुज चाललीय?" साहेब कडाडले. "सल्लागार, तुम्ही म्हणे बघून वय सांगता! मग सांगा, या बाईंचं किती? कार्ड खोटं असेल, तर मी वर कळवतो."

मागं उदयसिंह खाकरले. चार प्लॉटांचं खाकरणं होतं ते! पुढं म्हातारी कार्ड पदराखाली घट्ट धरून उभी होती. निमिषनं डोळे मिटले.

"सत्त्याहत्तर! एक दिवसही कमी नाही!"

उदयसिंह गाडीत बसले आणि धुरळा उडवत निघून गेले. चार प्लॉटही त्यांच्याबरोबरच गेले. निमिषही त्यांच्याच गाडीतनं आला होता, पण ते कुणाच्या ध्यानात राहतंय!

साहेबांनी चिंचेला पाटी ठोकायला सांगितली आणि तेही गेले. राहिले दोघंच. आता आजी डोक्यावरनं हात फिरवणार, आशीर्वाद देणार, म्हणून निमिष जरा वाकूनच उभा राहिला.

राहीबाईनं कार्ड बटव्यात घातलं, बटवा कमरेला खोचला आणि त्याला खालवर न्याहाळलं.

"मेल्या, एवढी म्हातारी दिसते व्हय रं मी?"