शेवटच्या बाकावरची सोबत

राजेश्वरीने पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि जाहीर केलं, "मला नको. मी उपाशी राहीन, पण कॉलेजला जाईन."

बडोद्यात पाणीगेटच्या शितोळ्यांकडे पोह्यांना कोणी नाही म्हटल्याचं आजवर घडलं नव्हतं, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. राजेश्वरी, म्हणजे घरातली राजी, अकरावीत होती, आणि गुजरातेत अकरावी शाळेतच असते. शाळेतली मुलगी कॉलेजला कशी जाईल, हे तिच्या आजीच्या, इंदिराबाईंच्या, डोक्यात शिरत नव्हतं. राजीने पुन्हा एकदा समजावलं. विश्वामित्री नदीपलीकडच्या एका कॉलेजने यंदा नवीच योजना काढली होती. अकरावी-बारावीच्या हुशार पोरांनी दर रविवारी कॉलेजात यायचं, कॉलेजातलाच अर्थशास्त्राचा पेपर शिकायचा आणि पास झालं की पुढे कॉलेजात तो पेपर द्यायलाच नको. योजना दिवाळीपर्यंत चाचणीपुरती होती. वर्ग नीट चालला तर पुढे चालू, नाहीतर बंद. राजीच्या शाळेतून निवड झाली होती ती तिची एकटीची.

"देशात सगळं खुलं होतंय आजी, आणि आपल्याच घराचं दार बंद?" राजी म्हणाली. हे तिने निबंधासाठी राखून ठेवलेलं वाक्य होतं, पण वेळच तशी आली होती.

"दार खुलंच आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "पण एकटीने जायचं नाही. कॉलेज म्हणजे कॉलेज. मिशा फुटलेली पोरं असतात तिथे. सोबत कोण?"

राजीचे वडील आनंद कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टला. रविवारी एकतर त्यांची ड्युटी असे नाहीतर झोप, आणि त्यांची झोप मोडण्यापेक्षा ड्युटी मोडणं सोपं होतं. आई रूपालीने सासूसमोर पोहे वाढण्यापलीकडे मत दिलं नाही. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या आजोबांकडे.

श्रीपतरावांनी शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळलं. "मी जाईन की."

सोबत हा शितोळ्यांचा पिढीजात धंदाच होता. श्रीपतरावांचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते आणि राणीसाहेबांच्या बग्गीच्या बाजूने घोडा चालवायचे. बग्गी कुठे चालली हे विचारायचं नाही, फक्त बाजूने चालायचं, ही घराण्याची शिकवण. स्वतः श्रीपतराव रेल्वेत गार्ड होते. गाडी कुठे जाते ते इंजिनाने बघावं, मागे कोणी राहिलं नाही ना ते आपण बघावं, अशा समजुतीने त्यांनी सगळी नोकरी शेवटच्या डब्यात काढली. निवृत्त झाल्यापासून सोबत करायला त्यांच्यापुढे गाडीच नव्हती. आता मिळाली.

पहिल्या रविवारी ते बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि चकचकीत बूट अशा थाटात निघाले. मांडवीवरून शटल रिक्षा केली. कॉलेजचं फाटक दिसल्यावर राजीने हळूच विषय काढला.

"आजोबा, एक सांगू? रागावू नका. आत गेल्यावर मला ओळख दाखवू नका हं. माझे नवे मित्रमैत्रिणी असतील तिथे."

"हुकूम," श्रीपतराव म्हणाले.

आवारात कडुलिंबाखाली सोबतीला आलेली मंडळी आधीच जमली होती. वर्गातल्या प्रत्येक मुलीमागे कोणी ना कोणी आलं होतं. कोणाची आजी, कोणा गुजराती पोरीची बा, कोणाचे मामा. शेंगदाणे सोलणं चालू होतं. श्रीपतराव पाच मिनिटं तिथे बसले आणि अस्वस्थ झाले. झाडाखालून वर्गाचं दार दिसत नव्हतं. ज्या गार्डाला आपली गाडीच दिसत नाही तो गार्ड कसला? ते उठले, आत गेले आणि सवयीने शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

वर्ग घेणारे हार्दिक मजमुदार नुकतेच नोकरीला लागले होते. कॉलेजकडून कोणीतरी न कळवता वर्ग तपासायला येणार, अशी कुजबुज त्यांच्या कानावर होती. त्यांनी कोट पाहिला, टोपी पाहिली, बूट पाहिले आणि त्यांचा खडू हातातून पडला.

"काका, आप...?" सरांनी जवळ येऊन विचारलं. बडोद्यात जन्म काढल्यामुळे त्यांना मराठी येत होतं, पण घाबरले की गुजराती अगोदर बाहेर यायचं.

"तुमचं चालू द्या," श्रीपतराव म्हणाले. "मी फक्त बघायला आलोय."

"कोणाकडून?"

पहिल्या बाकावरच्या राजीची मान ताठ झाली. श्रीपतरावांना दिलेला शब्द आठवला. "ते सांगायची मला परवानगी नाही."

एवढ्यावर सरांची खात्री पटली. शिपायाने खुर्ची आणून पंख्याखाली ठेवली. चहा आला. चहापाठोपाठ लीलो चेवडो आला. बडोद्यात पाहुणा मोठा असला की त्याच्यापुढे हा ओला चिवडा ठेवतातच. सर त्या दिवशी असे शिकवत होते की घामाने शर्ट पाठीला चिकटला. श्रीपतराव अधूनमधून मान डोलवत होते. तास संपला तेव्हा ते उठून दारात उभे राहिले, दोन्ही बाजूंना पाहिलं, सगळी पोरं बाहेर पडल्यावरच स्वतः बाहेर पडले. एवढा कडक तपासनीस सरांनी पाहिला नव्हता.

पण हे सगळं कडुलिंबाखालच्या मंडळींनीही खिडकीशी येऊन पाहिलं होतं. विशेषतः चिवडा.

पुढच्या रविवारी झाडाखाली कोणी बसलंच नाही. सिंधूताई मोहिते नातीचा हात धरून थेट वर्गात शिरल्या. "त्या टोपीवाल्यांना पंखा, आणि आम्ही काय मुंग्या मोजायच्या?" त्यांच्यामागून सगळ्या आज्या, बा आणि मामा आले. एक बा तर वाल सोलायला घेऊन आल्या. मुलांनी उठून वडीलधाऱ्यांना जागा दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

सर गोंधळले. "आ बधा कोण?"

"त्यांच्यासारखेच," सिंधूताईंनी श्रीपतरावांकडे बोट दाखवलं. "ते राजेश्वरीचे आजोबा, मी नयनतारेची आजी."

सर खुर्चीत बसले. आठवडाभर त्यांनी कोणाच्या भीतीने जेवण सोडलं होतं, ते त्यांना आता कळलं. पण सगळ्यांना बाहेर काढावं कसं? सिंधूताईंनी तेवढ्यात शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला होता आणि एक शंकरपाळी सरांच्या तोंडात गेली होती. ज्या माणसाची शंकरपाळी खाल्ली त्याला बाहेर जा म्हणायचं, हे बडोद्यात होत नाही.

मग वर्ग असाच चालू राहिला. सर मागणी आणि पुरवठा शिकवत, मागून प्रश्न येत.

"मास्तर, तुमचं लग्न?"

"हा प्रश्न सिलेबसमां नथी, मासी."

"नसू दे. घरी कोण कोण असतं?"

पुढची पोरं बाकाखाली तोंड घालून हसत. हसत नव्हती ती एकटी राजी. तिला खरोखर शिकायचं होतं. भाव का वाढतो, बँका काय करतात, पेपरात येतं ते सगळं नेमकं काय असतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्यांना सांगावं तसं सांगत होतं, आणि ते ऐकू यायला तिला वालाच्या सालांचा आवाज थांबायला हवा होता.

एका तासानंतर सरांनी तिला थांबवलं. "प्रिन्सिपॉल नयनाबेन पुढच्या रविवारी येणार आहेत. आ वखते साचेसाच, या वेळी खरोखर. वर्ग असा दिसला तर त्या त्याच दिवशी योजना बंद करतील. तुझ्या दादाजींपासून सुरू झालंय राजेश्वरी, तेच थांबवू शकतील."

मांडवीला रिक्षातून उतरल्यावर राजीला राहवलं नाही. "तुमच्यामुळे माझा वर्ग बंद पडणार आहे, आजोबा. सगळे हसतात. तुम्ही आत आलातच का?"

श्रीपतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. त्यांना फार लागलं. पण गार्डाला सिग्नलवर रागावता येत नाही. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी वर्गात फक्त विद्यार्थी दिसतील. माझा शब्द."

घरी येताच त्यांनी प्रत्येक घरी फोन केला. वर्गात बसणं बंद, हे त्यांनी सगळ्यांना नीट समजावलं. सगळ्यांना ते नीट समजलंही. फक्त आत बसायचं नाही तर जायचंच कशाला, असं प्रत्येक आजीने स्वतंत्रपणे ठरवलं. आणि आजी जाणार नसेल तर नात कशी जाणार?

त्या रविवारी वर्गात राजी होती आणि चार मुलगे होते. बाकी सगळे बाक रिकामे होते.

श्रीपतराव फाटकाबाहेर उन्हात उभे होते. वर्ग सुरू व्हायची वेळ झाली, तरी एकही रिक्षा थांबेना. तेवढ्यात पांढरी गाडी आत गेली आणि नयनाबेन उतरल्या. आता श्रीपतरावांना सगळं समजलं. त्यांनी गाडीतून फाजील प्रवासी उतरवायला सांगितले होते आणि गाडीचे डबेच सुटले होते.

समोर पीसीओ होता. म्हातारबा रस्ता ओलांडून धावले. टोपी हातात आली होती.

"सिंधूताई, मी शितोळे. नातीला घेऊन निघा. सगळ्यांना कळवा. हो हो, आत बसा! पंखा आहे. चिवडा मी सांगतो!"

मग त्यांनी घरीही फोन लावला. "इंदिरा, पोरीचा वर्ग बुडतोय. तूही ये."

इकडे वर्गात नयनाबेन रिकाम्या बाकांकडे पाहत होत्या. "एटलाज? एवढेच?" त्यांनी विचारलं. सर फळ्यावर एक आलेख काढत होते तो संपतच नव्हता. राजीला रडू येत होतं. तिने दोनदा खिडकीबाहेर पाहिलं, आजोबा जागेवर नव्हते. आजवर ती वळून पाहील तेव्हा ते नाहीत, असं कधी झालं नव्हतं.

नयनाबेन उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात बाहेर रिक्षांचा गोंगाट झाला. पहिल्यांदा नयनतारा आली, मागे सिंधूताई, मग एकेक नात आणि एकेक आजी, मामा, बा, वालाची पिशवी. सर्वांत शेवटी घाईत नेसलेल्या पातळात इंदिराबाई, आणि त्यांच्याही मागे, कोणी राहिलं नाही ना हे पाहत, श्रीपतराव. वर्गात उभं राहायला जागा उरली नाही.

"आ बधा कोण छे?" नयनाबेन म्हणाल्या.

राजी उठली. तिचे कान लाल झाले होते. "मॅडम, हे माझे आजोबा," ती म्हणाली. "सोबत येतात. यांच्यामुळेच मी येऊ शकते. आणि यांच्यामुळेच आज बाकीच्याही आल्या."

श्रीपतराव चपापले. त्यांच्या बाजूने ओळख दाखवायची अजूनही बंदी होती. ते समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

"मागे बसून काय करता, काका? झोपता?" नयनाबेननी त्यांना विचारलं. "सांगा, मागणी वाढली आणि माल तेवढाच राहिला तर?"

श्रीपतराव सावधान उभे राहिले आणि त्यांनी सरांचा तो तास जसाच्या तसा म्हणून दाखवला. "तो भाव वधे. समज्या ने? पाछळ गप्पां नहीं. नयनतारा, च्युइंगम थूकी आव. भाव वधे एटले मागणी घटे. ना मासी, मारुं लग्न नथी थयुं."

वर्गात हशा पिकला. सरांनी डस्टरने तोंड झाकलं. नयनाबेन हसू दाबायला गेल्या आणि त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझी बा बाहेर गाडीत बसली आहे. मी प्रिन्सिपॉल झाले, तरी रविवारी एकटी बाहेर सोडत नाही. बोलवा तिलाही, उन्हात कशाला बसेल?"

बा आल्या, आणि आल्या आल्या वाल सोलायला बसल्या.

निकाल नयनाबेननी तिथेच दिला. पोरांचा वर्ग पुढेही चालेल, आत फक्त पोरं बसतील. आणि वडीलधाऱ्यांना एवढी हौस आहे तर त्यांचा वेगळा वर्ग रविवारीच, पोरांच्या आधी, सकाळी आठ वाजता. दोन्ही वर्ग मजमुदार सरच घेतील. सरांनी ऐकलं आणि समोरची शंकरपाळी निमूटपणे तोंडात टाकली.

पुढच्या रविवारी श्रीपतराव पहाटेच दाढी करून तयार होते. कोट चढवला, टोपी घातली, बुटांना पॉलिश झालं. दाराशी इंदिराबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"कुठे?"

"कॉलेजला."

"एकटे?" इंदिराबाईंनी पदर खोचला. "कॉलेज म्हणजे कॉलेज. त्या सिंधूताई असतात तिथे. राजे, ऊठ. आजोबांसोबत जा."

"आजी, माझा वर्ग दहाला आहे!"

"मग बस तोपर्यंत मागे. ते नाही का बसले तुझ्यासाठी?"

राजीने पुस्तक उचललं, डोळे चोळत रिक्षात बसली आणि झोपेत आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. श्रीपतराव सगळ्या रस्त्याने खांदा न हलवता बसून होते. कॉलेजचं फाटक आलं तसं त्यांनी तिला हळूच हलवलं आणि टोपी सरळ केली.

"राजे, एक सांगू? रागावू नकोस."

"काय आजोबा?"

"आत गेल्यावर मला ओळख दाखवू नकोस हं," श्रीपतराव म्हणाले. "माझी मित्रमंडळी असतात तिथे."