तीन पुरावे आणि रहिमतपूरची ट्रंक

'महाराष्ट्रातील एकमेव शास्त्रोक्त शोधक. सातारा, सांगली आणि दर गुरुवारी कुंडल.' हे कार्ड गोपाळकृष्ण साहेबांनी स्वतःच लिहिलं, स्वतःच छापून घेतलं आणि बहुतेक स्वतःच वाचलं. मी सुमंत, त्यांचा सहायक. माझं नाव कार्डावर मावलं नाही.

त्र्याण्णवच्या जुलैत आम्ही रहिमतपूरला हुसेनबीच्या दारात न बोलावता हजर झालो. तिच्या लेकीला, फिरदोसला, साताऱ्याच्या कॉलेजात माजी सैनिकांच्या कोट्यातून जागा मिळत होती. त्यासाठी वारलेल्या वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याची नोंदवही, हवी होती. आजची शेवटची तारीख, खिडकी पाचला बंद. मायलेकी ट्रंक उघडतच होत्या.

"खबरदार! पुराव्याला हात लावू नका," साहेब गरजले. साहेब एकेकाळी तिच्या नवऱ्याच्या पलटणीत होते, म्हणून हुसेनबीनं मान राखला. तिथंच चुकलं.

साहेबांचा नियम असा, की तीन पुरावे जमले की शोध बंद. वेळ वाचतो. म्हणून प्रत्येक कागदानंतर ते चष्मा काढत, जमलेले पुरावे पुन्हा मोजत आणि विचारत, "सुमंत, थांबायचं का?" मी वहीत लिहीत असे, 'अजून नाही.' वेळ वाचवण्यात दोन तास गेले.

रेशनकार्डावर शाईचा डाग सापडला. साहेब म्हणाले, परकीय हेर. मग कुरतडलेली पावती निघाली, म्हणजे शिकवलेली शेळी. तिसरी निघाली फिरदोसच्या सांगलीच्या चुलत्याची, बादशहाची, लग्नपत्रिका.

"तीन! शोध बंद! पुस्तक बादशहानं लांबवलं. चला सांगलीला!"

"आवं, फारम चाचांनीच आनून दिलाय," फिरदोस म्हणाली. साडेतीन वाजले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

हुसेनबीनं ट्रंक सतरंजीवर पालथी केली. मायलेकींनी न थांबता सगळे कागद चाळले. पाच मिनिटांत तळाच्या वर्तमानपत्राखालचं डिस्चार्ज बुक हातात आलं.

"सायेब, थांबायचं का, थांबायचं का, इचारत बसलासा. तेवढ्यात ट्रंक धा येळा बघून झाली आसती," हुसेनबी म्हणाली.

एस.टी.नं सातारा गाठला तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. कारकून अर्जाचे कागद तपासू लागला. तिसऱ्या कागदाला साहेबांनी खिडकीत मान घातली. "तीन झाले. पुरे की!"

"गप बसा, सायेब," हुसेनबी म्हणाली. "त्याला शेवटपतुर बघू द्या."

सातवा कागद उलटला आणि शिक्का पडला. फिरदोसनं पोचपावती छातीशी धरली आणि दिवसात पहिल्यांदा हसली.

साहेबांनी चष्मा पुसला. "प्रकरण निकाली. लिही सुमंत, किती वेळ वाचला?"

मी वही मिटली.