कुटुंब : तीस गुण

समाजशास्त्राला शाळेत कोणी विचारत नाही, ही गोष्ट शिक्षण मंडळाच्या लक्षात आली तेव्हा मंडळाने रीतसर एक समिती नेमली. विज्ञानाला प्रयोगशाळा आहे आणि समाजशास्त्राला नाही, म्हणून हा विषय मागे पडतो, असे समितीने पुष्कळ बैठकांनंतर शोधून काढले. प्रयोगशाळा बांधायला निधी नव्हता. तेव्हा एका सदस्याने दाखवून दिले की प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक कुटुंब असतेच. ते मंडळाला विकत घ्यावे लागत नाही, फुटले तर भरपाई द्यावी लागत नाही आणि त्यावरची धूळ झटकायला शिपाई लागत नाही. त्या वर्षापासून समाजशास्त्राला तीस गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली.

पाणीपट्टी कार्यालयातल्या अधीक्षकांना याची झळ मुलीमुळे लागली. मुलीने समाजशास्त्र घेतले तेव्हा त्यांनी नातेवाइकांना ‘तिने शास्त्र घेतलंय’ एवढेच कळवून विषय आटोपता घेतला होता. आता ती सांगत होती की परीक्षक घरी येतील, न कळवता येतील, सत्रात कधीही येतील, आणि आपले घर पुस्तकातल्या चौथ्या धड्याशी ताडून पाहतील.

अधीक्षकांनी चष्मा लावून चौथा धडा वाचला. ‘आधुनिक कुटुंबात घरकामाची वाटणी समान असते, निर्णय सर्वांच्या संमतीने होतात व ज्येष्ठांच्या मताला किंमत असते.’ त्यांनी तो पुन्हा वाचला.

“हे कुठलं आहे?” त्यांनी विचारले.

“आपल्याच पुस्तकातलं आहे, बाबा.”

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीने ओट्यावर हात फिरवता फिरवता मान वर केली. ती नकाशा कार्यालयात होती. शहराखालून कुठली वाहिनी कुठे वळते, हे तिला डोळे मिटून काढता येत असे. तिला विभागप्रमुख म्हणून बढती आली होती, तीही पहिल्यांदा नव्हे. ती जागा दुसऱ्या गावी होती. आठवडाभर तिकडे राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. प्रत्येक वेळी अधीक्षक फक्त एवढेच विचारत, “आणि इकडे कोण बघणार?” हा प्रश्न आहे असे समजून तिने एकदा उत्तर दिले होते. पुन्हा ती चूक केली नाही.

मुलीला तीस गुण मिळाले नाहीत तर चांगल्या महाविद्यालयाचे दार बंद होते. सबब अधीक्षकांनी कुटुंबाला शिकवणी लावली.

शिकवणीवाले सर कालपरवापर्यंत गणिताचे वर्ग घेत. आता त्यांनी ‘सहकुटुंब तुकडी’ उघडली होती. रविवारी सकाळी आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी बाकांवर बसायचे, मुलांनी मागे उभे राहायचे. सरांनी पुरुषवर्गाला झाडू धरायला शिकवले. झाडू धरता आला पाहिजे हे दुय्यम. तो आजच पहिल्यांदा धरला आहे, असे चेहऱ्यावर दिसता कामा नये, यावर त्यांचा भर होता. बायकांना खुर्चीवर टेकून बसण्याचा सराव दिला. तो त्यांना जड गेला. कुकरची शिट्टी ऐकू आली की अर्धा वर्ग उभा राहायचा.

अधीक्षकांच्या आईला सरांनी नमुन्यादाखल मत विचारले. बऱ्याच वर्षांनी कोणी विचारत होते, म्हणून आजींनी सावरून बसत मोकळेपणाने सांगितले, “माझं मत विचाराल तर ही सगळी थेरं आहेत. आणि हा माझा लेक तर पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर मागतो.”

“आजी, मत द्यायचं, पण अभ्यासक्रमातलं,” सर समजुतीने म्हणाले.

खरी अडचण ‘न कळवता’ या दोन शब्दांनी केली. परीक्षक केव्हा येतील हे ठाऊक नसल्यामुळे अधीक्षकांना रोजच समान राहावे लागले. दाराची घंटा वाजली की ते हातात फडके घेऊन दार उघडत. एका विमा एजंटाला त्यांनी आपण घासलेली भांडी एकेक करून दाखवली. तो गृहस्थ इतका भारावला की विमा न विकता गेला. मीटर बघायला आलेल्या माणसासमोर त्यांनी आईला विचारले, “आई, पडद्यांच्या रंगाबद्दल तुला काय वाटतं?” आजींनी मीटरवाल्याला बसवून घेतले आणि त्याला कंटाळा येईपर्यंत सांगितले.

पहिल्या आठवड्यात अधीक्षकांची कंबर धरली. पुढे ती सुटली. नंतर एकदा घंटा वाजलेली नसतानाही त्यांनी आपली ताटवाटी उचलून ठेवली. हे आपल्या हातून कसे झाले, या विचाराने त्यांना जेवण पचले नाही.

मग सरांनी निरोप धाडला : परीक्षक अलीकडचा एखादा सामूहिक निर्णय पुराव्यासह मागतात. शेजारच्या कुटुंबाने फ्रिज सर्वानुमते घेतल्याचे सांगितले, आणि फ्रिज त्यांच्या मुलाहून वयाने मोठा निघाला. त्यांचे गुण गेले. तेव्हा निर्णय ताजा हवा.

चौघे बसले. कोणालाच काही सुचेना. त्या घरात निर्णय नव्हते असे नाही, पण ते नेहमी झालेलेच सापडत.

“माझी बढती आहे,” पत्नी म्हणाली. “उत्तराची मुदत अजून संपलेली नाही.”

अधीक्षकांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. होकार दिला तरी बदलीचा आदेश निघायला सरकारी वेळ लागेल; तोवर परीक्षा उरकेल; मग नकार कळवता येईल. त्यांनी मतदान पुकारले. आजींचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. शेवटी अधीक्षकांनीही हात वर केला आणि त्याचा फोटो काढून घेतला. होकाराच्या पत्राचा मसुदा त्यांनी स्वतः केला आणि परीक्षकांच्या नजरेत भरावे म्हणून त्यात ‘कुटुंबाच्या सामूहिक निर्णयानुसार’ असे शब्द घातले. पत्नीने सही केली. सही करताना तिने पेन जरा जास्तच दाबले, असे मुलीला वाटले.

परीक्षक आले ते दमूनभागून. त्यांनी पुसलेली फरशी पाहिली, फोटो पाहिला, आजींचे मत बेताने ऐकले. मध्येच त्यांना फोन आला. “मला काय विचारतेस? शर्टाला इस्त्री नाही म्हणजे नाही कशी? दिवसभर घरी बसून करतेस काय?” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि ‘आदर्श समानता’ असा शेरा मारून तीसपैकी तीस दिले.

ते फाटकाबाहेर जाताच अधीक्षकांनी फडके खिडकीत टाकले आणि वर्तमानपत्र उघडले.

“आता त्या बढतीचं तेवढं नाही म्हणून कळवून टाक,” ते पानाआडून म्हणाले.

“अहो, आदेश आलाय. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “आणि निर्णय सगळ्यांचा आहे. बदलायचा तर परत हात वर करूया.”

हात वर झाले. तीन विरुद्ध एक. आपल्याच घरात आपण अल्पमतात आहोत, हे अधीक्षकांना त्या दिवशी कळले, आणि लोकशाहीचा त्यांनी इतका मनापासून विचार कधीच केला नव्हता.

त्यांनी मंडळाकडे तक्रार केली : परीक्षा संपली, तरी कुटुंब मूळ स्थितीत येत नाही. मंडळाकडे अशा तक्रारींचा ढीग लागला होता. कुठे एक गृहिणी अजून खुर्चीवरच बसत होती, कुठे आजोबा मत मागे घ्यायला तयार नव्हते. समितीने तातडीने मसुदा काढला. चौथा धडा लेखी परीक्षेपुरता आहे. तो घरी करून पाहू नये. परीक्षेच्या काळात झालेले सामूहिक निर्णय हे प्रात्यक्षिकाचे साहित्य समजून रद्द करण्यात येतील. कोणाची हरकत असल्यास पंधरवड्यात कळवावी. हरकतीवर कुटुंबप्रमुखाची सही असावी.

पत्नीने हरकत सुवाच्य अक्षरात लिहिली आणि अधीक्षकांसमोर ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली. भाषा निर्दोष होती. त्यांनी खिशाकडे हात नेला. पेन तिथेच होते. मग त्यांना रविवार सोडून उरलेला सगळा आठवडा दिसला.

“बघू,” ते म्हणाले.

कार्यालयात ते हाच शब्द वापरत, आणि तिथे त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

“सही होणार नाही, हे मला माहीत होतं,” ती कागदाची घडी घालत म्हणाली. “तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

पंधरवडा संपला. एकही हरकत आली नाही, सबब मसुद्याला समाजाची संमती आहे, असे मंडळाने जाहीर केले. होकाराच्या पत्रात सामूहिक निर्णयाचा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे नकाशा कार्यालयाने तो होकार रद्द धरला आणि जागा यादीतल्या पुढच्या माणसाला दिली. त्याने घरी कोणालाच विचारले नव्हते. त्याचा निर्णय सामूहिक नसल्याने वैध ठरला.

मुलीला समाजशास्त्रात शाळेत सर्वाधिक गुण मिळाले. लेखी परीक्षेत तिने चौथा धडा शब्द न् शब्द लिहिला होता. मंडळाने तिची उत्तरपत्रिका नमुना म्हणून छापली.

मंडळाचा तो मसुदा सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. तुमच्याकडेही आला असणार, आतल्या पानावर, डाव्या हाताला. तुम्ही तो पहिल्या चार ओळींपर्यंत वाचलात, ‘आमच्याकडे असलं काही नसतं बुवा’ असे म्हणालात आणि पान उलटलेत. त्या वेळी स्वयंपाकघरात कोण होते, हे मंडळाने विचारलेले नाही.