राखीव अध्यक्ष

बक्षीससमारंभाला पहिल्या रांगेत बसलेल्या मंडळींत नाना चिंचणकरांची मान इतरांपेक्षा चार बोटं पुढे असायची. मानेत काही दोष नव्हता. ऐनवेळी हार घालायची पाळी आली तर घालणाऱ्याची अडचण होऊ नये, एवढाच त्यात हेतू. काळा कोट, जरीकाठी उपरणं, डोक्यावर पगडी आणि कोटाच्या आतल्या खिशात भाषण, अशा जय्यत तयारीनं नाना दर वर्षी यायचे आणि टेबलावरच्या हाराकडे बघत बसायचे. हार दर वर्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडायचा.

नाना आमच्या शाळेचे राखीव अध्यक्ष होते.

असं पद कुठल्या शाळेत नसतं. आमच्याही नव्हतं. मी कोरेगावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो त्याच्या आदल्या वर्षी कधीतरी अध्यक्षांना यायला उशीर झाला होता. हेडमास्तरांचा जीव टांगणीला लागला. समोर नाना दिसले. "नाना, अगदीच वेळ आली तर बसाल का हो खुर्चीवर?" असं ते घाईघाईत बोलून गेले. नाना तडक घरी गेले आणि कोट चढवून परत आले. तोवर अध्यक्ष येऊन खुर्चीत बसलेसुद्धा होते. प्रकरण तिथंच संपायला हवं होतं. पण नाना रेल्वेतले. एकदा हुकूम मिळाला की तो रद्द झाल्याचा दुसरा हुकूम येईपर्यंत चालू, हा त्यांचा नियम. हेडमास्तर तो दुसरा हुकूम काढायला विसरले, आणि पुढे त्यांना धीर झाला नाही.

लोणंदला स्टेशनमास्तर असताना नाना पेन्शनीत निघाले आणि कोरेगावला स्टेशनाजवळ बिऱ्हाड करून राहिले. गाडीचा आवाज कानावर पडल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. घरात एकटेच. बायको फार पूर्वी गेलेली, मुलगा श्रीधर नागपूरला नोकरीत. स्वयंपाक स्वतः करत आणि तोही वेळापत्रकाप्रमाणे. भात शिजायला उशीर झाला तर "आज भात लेट आहे" असं भिंतीला सांगत. राखीव अध्यक्ष म्हणजे काय, हे एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. "हे बघा मास्तर, शेडात एक इंजिन नेहमी वाफ धरून उभं असतं. चालत्या गाडीचं इंजिन फेल झालं की हे जोडायचं. कधी लागेल सांगता येत नाही. पण वाफ धरून ठेवायची."

समारंभाचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे ही वाफ सगळी माझ्या अंगावर यायची. आधी आठवडाभर नाना रोज संध्याकाळी घरी येऊन बसत आणि चहाचा पहिला घोट घेतला की विचारत, "यंदाच्या पाहुण्यांची प्रकृती कशी काय?"

"उत्तम आहे."

"असं." मग जरा थांबून, "वय झालंय पण त्यांचं. प्रवासाची दगदग."

एका वर्षी साताऱ्याचे एक वकील अध्यक्ष होते आणि त्यांना खोकला झाल्याची खबर आली. नाना त्या दिवशी आमच्याकडे दोनदा चहा प्यायले. वकील मफलर गुंडाळून आले, खोकत खोकत दीड तास बोलले आणि जाताना पुढच्या वर्षीही येतो म्हणाले. दुसऱ्या वर्षी सांगलीचे हळदीचे एक बडे अडते यायचे होते. त्यांचा तर घसाच बसला. पण त्यांनी भाषण वाचायला दिवाणजी बरोबर आणले आणि स्वतः नुसते हात हलवत उभे राहिले. नाना मला म्हणाले, "याला काय अर्थ आहे? इंजिन बंद आणि डबे धावतायत!"

बक्षीस द्यायची त्यांची तालीम आमच्या स्वयंपाकघरात चाले. "वहिनी, ते पातेलं द्या बघू." पातेलं उजव्या हातानं माझ्या हाती द्यायचं, डाव्या हातानं पाठ थोपटायची, "शाब्बास!" म्हणायचं आणि लगेच "पुढची गाडी!" म्हणून दुसऱ्या भांड्याला हात घालायचा. मी बक्षीस घेऊन रांगेच्या शेवटी जायचं आणि पुन्हा यायचं. पातेली, पराती, किसणी, सगळं मी जिंकलं. आमची भाजी करपली पण नानांचा हात बसला.

भाषण मात्र कुणाला ऐकवत नसत. पहिलं वाक्य तेवढं मला ठाऊक होतं. "सभ्य गृहस्थहो, भगिनींनो, आणि उद्याच्या हिंदुस्थानच्या इंजिनांनो!" पुढचं विचारलं की खिशावर हात ठेवून म्हणत, "बक्षिसं संपल्यावर. अध्यक्षीय भाषण बक्षिसांच्या नंतर."

हेडमास्तर त्यांना टाळत, पोरं त्यांची नक्कल करत आणि मी हसायचो. पण खरं सांगतो, एकदा तरी या माणसाच्या गळ्यात तो हार पडावा असं मला मनापासून वाटायचं.

आणि लढाईच्या दिवसांत एका वर्षी तो योग आला. पुण्याचे एक रावबहादूर अध्यक्ष होते. दुपारच्या गाडीनं यायचे. लढाईमुळे गाड्यांचा कारभार सगळा विस्कटलेला. नाना जेवण आटोपून स्टेशनावर जाऊन बसले होते, ते मंडप भरत आला तेव्हा परतले. चेहरा दुःखी करायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण मिशांना तो जमला नाही.

"लोणंदला अडकवून ठेवलीय गाडी. मिलिटरी स्पेशल सोडतायत. संध्याकाळपर्यंत काही खरं नाही."

हेडमास्तरांनी मंडपाकडे पाहिलं. आसपासच्या गावांहून आलेले आईबाप, बैलगाड्या, रडणारी लहान पोरं. थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं आणि मग नानांकडे. "नाना, चला."

एवढी वर्षं तयारी केलेला माणूस, तरी पायरी चढताना त्यांनी खिशातलं भाषण एकदा चाचपून पाहिलं. हार गळ्यात पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. स्वागतगीत रावबहादुरांच्या नावानं बसवलेलं होतं आणि मुलींना ऐनवेळी दुसरं नाव जमेना. त्यांनी "या हो रावबहादूर, धन्य झाली शाळा" असंच म्हटलं. नाना दर ओळीला गंभीरपणे मान डोलवत होते.

बक्षिसं सुरू झाली आणि आमच्या स्वयंपाकघराचं सार्थक झालं. मी नाव पुकारायचं, पोरानं यायचं, उजवा हात, डावा हात, "शाब्बास! पुढची गाडी!" इतक्या झपाट्यानं बक्षिसं वाटलेली शाळेनं कधी पाहिली नव्हती. पोरांनाही मजा वाटायला लागली. एकजण तर बक्षीस घेऊन शिटी फुंकत खाली उतरला.

शेवटचं नाव हौसा जगदाळेचं होतं. शाळेत मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि गणितात पहिली आलेली ही एकच. तिचा बाप पलटणीत नाईक होता. सकाळीच ती माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "गुर्जी, माजं नाव शेवटाला घ्या. आबा सुट्टीवर येनार हायती." म्हणून मी तिला शेवटी ठेवलं होतं.

मी नाव पुकारलं. हौसा व्यासपीठाच्या पायरीपाशी आली आणि तिथंच उभी राहिली.

"ये ना वर!" हेडमास्तर म्हणाले.

"आबा आलं न्हाईत अजून."

"अगं, येतील ते घरी. बक्षीस घे आधी."

हौसा जागची हलली नाही. खालच्या ओठाची तिनं घडी घातली होती. हेडमास्तर मला खुणेनं दुसरं काहीतरी करा असं सांगत होते. तेवढ्यात नाना खुर्चीतून पुढे वाकले.

"कुठल्या गाडीनं येणार गं तुझे आबा?"

"पुन्याच्या."

नानांनी स्टेशनाच्या दिशेनं मान वळवली. आणि त्याच वेळी स्टेशनावरची घंटा वाजली. आमची शाळा गावाच्या त्याच टोकाला, घंटा स्वच्छ ऐकू यायची. आम्हाला ती नुसती घंटा. नानांना तिच्यातून सगळं कळायचं. ते माझ्या कानाशी आले. "मागचं सातारारोड स्टेशन सोडलं गाडीनं. पोचतेच आहे."

म्हणजे रावबहादूरही पोचत होते. मी हळूच म्हटलं, "नाना, हिला बक्षीस द्या आणि लगेच भाषणाला उभे राहा. एकदा सुरू झालं की तुम्हाला कोण उठवणार?"

नानांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी हौसाकडे पाहिलं. मग हात खाली घेतला.

"बक्षीस गाडी आल्यावर," ते मोठ्यानं म्हणाले. "बाप गाडीत असताना पोरीचं बक्षीस उरकायचं म्हणजे काय!"

"मग भाषण तरी करा तोवर," हेडमास्तर दात आवळून म्हणाले.

"भाषण बक्षिसांच्या नंतर. नियम आहे."

मंडपात चुळबुळ सुरू झाली. कुणी उठू लागलं. आता लोकांना धरून ठेवायचं कसं? नाना उभे राहिले आणि त्यांनी, काय सांगू, मंडपात गाडी आणायला सुरुवात केली.

"मंडळी, बसा! गाडी निघालेली आहे. आत्ता ती सातारारोडच्या सिग्नलबाहेर पडली. ड्रायव्हरनं शिटी दिली!"

मागच्या बाकावरून एका वांड पोरानं शिटी दिली. नाना रागावतील असं वाटलं, पण ते खूश झाले. "अशी! आता वेग धरतेय. झुक, झुक." लहान पोरांनी झुकझुक उचलली, मग मोठ्यांनी. बघता बघता सबंध शाळा झुकझुक करू लागली. विज्ञानाचे मास्तर पायानं ठेका धरून होते. हेडमास्तर कपाळाला हात लावून बसले होते.

"आता मोरी आली. हळू घ्या!" नानांनी हात खाली केला, झुकझुक मंदावली. "फायरमन कोळसा टाकतोय. मोरी ओलांडली. चला!"

एक म्हातारा शेतकरी काठी टेकून उठला. "आवं नाना, म्होरं म्हस बिस आली न्हाई न्हवं रुळावर?"

"नाही आली, काका."

"मंग पळवा की जोरात! थांबलाय कशाला?"

मंडप हसून लोटपोट झाला. उठलेली माणसं पुन्हा बसली. हौसासुद्धा पायरीवर उभ्या उभ्या हसत होती आणि हसता हसता वाटेकडे बघत होती. आणि नाना "आउटर सिग्नल पडला!" असं ओरडले, त्याच क्षणी खरी शिटी झाली. सगळी शाळा एकदम चूप. मग जो काही आरडाओरडा झाला तो लढाई संपली तेव्हासुद्धा आमच्या गावात झाला नाही.

थोड्या वेळानं वाटेवर धूळ दिसली. खाकी कपड्यातला एक उंच माणूस डोक्यावर ट्रंक घेऊन पळत येत होता. मागून टांगा, टांग्यात रावबहादूर. धावणारा माणूस मंडपाच्या दारात आला आणि टांगा फाटकाशी वळला. हौसा ओरडली, "आबा!" आणि तीन पायऱ्या एका उडीत चढून नानांच्या समोर उभी राहिली. नानांनी पुस्तकं तिच्या हातात दिली, पाठ थोपटली. पण "पुढची गाडी" म्हणाले नाहीत. त्यांचा हात तिच्या डोक्यावरच राहिला.

मग रावबहादूर आत आले. हार एकच होता. हेडमास्तर गोरेमोरे झाले. नानांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला, दोन चुरगळलेली फुलं नीट केली आणि रावबहादुरांच्या गळ्यात घातला. खुर्ची हातानं पुसली, त्यांना बसवलं आणि पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत येऊन बसले. रावबहादूर शिस्त या विषयावर दिवेलागणीपर्यंत बोलले. नानांनी मध्ये मध्ये टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणी वाजवल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो. मला फार वाईट वाटत होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं. "नाना, एवढी वर्षं वाट पाहिलीत, आणि भाषण राहिलं की हो."

"त्याचं काय एवढं," नाना चुलीत फुंकर घालत म्हणाले. चहाचं आधण ठेवलं होतं. त्यात पत्ती टाकून ते बोलू लागले.

"आमचा श्रीधर साताऱ्याला मामाकडे राहून शिकला. मी कुठल्या कुठल्या आडस्टेशनांवर, तिथं शाळा कुठली? दर वर्षी त्याला बक्षीस असायचं. दर वर्षी तो कार्ड टाकायचा, नाना, या. आणि दर वर्षी काहीतरी व्हायचं. बदली माणूस मिळायचा नाही, नाहीतर कुठली तरी गाडी घाटात अडकायची. गाडी पोचवल्याशिवाय मला स्टेशन सोडता येत नव्हतं. एकसुद्धा बक्षीस घेताना मी त्याला बघितलं नाही हो. पुढं पुढं त्यानं बोलवायचंच सोडलं."

त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला.

"मास्तर, एक विचारू? हौसाला बक्षीस देताना मी तिच्याकडं बघत होतो. तिचा बाप काय करत होता तेव्हा? टाळ्या वाजवत होता का?"

"नाही," मी म्हटलं. "ट्रंक खाली ठेवायची विसरला होता तो. डोक्यावर ट्रंक तशीच धरून उभा होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं."

नानांनी मान हलवली. उपरण्याच्या टोकानं त्यांनी चष्मा पुसला, तो घालायचा राहून गेला.

"तसंच होत असेल," ते म्हणाले. "मीसुद्धा झेंडी हातात धरून तसाच उभा राहिलो असतो."