गडकोठ्यांच्या निशाणयंत्राची हकीकत

श्रीगणराय सुबुद्धी देवोत, अन्नपूर्णा कोठी भरली ठेवोत, आणि ऐकणारांस धीर असो. शके सोळाशें अमुक, विलंबी नाम संवत्सरे, भाद्रपदमासी वर्तले ते लिहितो. अमुक म्हणावयाचे कारण, पुढला आकडा वाळवीने खाल्ला; वाळवीस जाब कोणी पुसावा?

राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. राज्यात गड बहुत, आणि गडोगडी धान्याच्या कोठ्या, आणि कोठीत किती उरले हे राजधानीस कळावे म्हणोन जासूद पत्रे आणीत, आणि वाटेत नदी भरे, आणि पत्र भिजे, मग राजेसाहेब वाहून गेलेल्या शाईकडे पाहून म्हणत, "यावरून काय समजावे?" तेव्हा दफ्तरी विसो गंगाधर म्हणोन कारकून होते; माणूस हुन्नरी, पण भारी हेकट. त्यांनी अर्ज केला की, मजला तीन वर्षे द्यावी, दार लावून बसू द्यावे, मध्ये कोणी विचारू नये, म्हणजे ऐसे यंत्र करितो की कोठी रिती होताच आपोआप बोलेल. मर्जी प्रसन्न जाहली. मग तीन वर्षे आत ठोकाठोकी आणि बाहेर लोकांचे तर्क. यंत्र सिद्ध जाहले ते ऐसे: कोठीच्या तळी लाकडी जीभ, तीवर धान्य आहे तोवर दबलेली, धान्य सरले की जीभ उसळावी, दोरी सुटावी, बुरुजावर तांबडे निशाण चढावे, आणि डोंगरोडोंगरीच्या चौक्यांनी ते पाहून राजधानीस कळवावे. एकाच दिवशी सर्व गडांवर बसविले आणि त्याच दिवशी जासूद बंद केले. निशाण कशाने चढते हे गडकऱ्यांस सांगितले नाही, का की लबाडीने चढवतील. "हात लावू नये, यंत्र सर्व जाणते," इतुकीच ताकीद.

मग पावसाळा लागला, वाटा तुटल्या, आणि एकाही गडाचे निशाण चढेना. राजेसाहेब संतोषले, विसोपंतांस शालजोडी जाहली. पण विसोपंतांचे मन खाऊ लागले की, भाद्रपद सरत आला, माणसे दोन वेळां जेवतात, आणि कोठ्या भरल्या राहतात कैशा? दुसरा असता तर शाल पांघरून निजता. यांनी शाल घडी घालून ठेविली आणि नदी उतरून एका गडाची वाट धरिली. तेथे त्यांची थोरली बहीण गोदूअक्का. यजमान गडाचे कारखानीस होते, ते वारल्यावर कोठीच्या किल्ल्या अक्कांकडेच होत्या.

गडावर पाहतात तो लोक वाळलेले, लेकरे रानकंद उकडून खाताहेत, आणि हवालदार सुभानजी भिंतीस टेकून बसलेले. सुभानजी म्हणाले, "यंत्राने कळविलेच असेल. सरकारातून येईल म्हणोन वाट पाहतो." विसोपंतांनी वर पाहिले, तो बुरुजावर निशाण नाही. इतक्यात अक्का आल्या आणि भावास पाहून डोळे पुसले. "बैस विसू, हातपाय धू. माझ्या दारी येऊन उपाशी जाशील होय?" म्हणोन भांडे घेऊन कोठीत उतरल्या, आणि आत खट् ऐसा आवाज जाहला, आणि बुरुजावर निशाण सर्रकन चढले. विसोपंत धावले.

"अक्का, काय केलेस?"

"काय करणार? तळची पायली काढली. अन्नपूर्णेची ती. कोठी रिती करू नये म्हणोन आजवर कोणास हात लावू दिला नाही. पण भाऊ दारी आला, देवी रागवायची नाही."

"ती पायली नेहमी असते?"

"कोणत्या गडावर नसते? आपल्या आईच्या कोठीत नव्हती का? तूच त्यात हात घालून मार खाल्ला होतास."

विसोपंतांस उमगले की, तीच पायली जिभेस दाबून होती. "आठवले नाही गं मला. तू तरी सांगायचेस."

"तू विचारलेस कधी? आणि मला वाटले, सर्व जाणणाऱ्या यंत्रास इतुके ठाऊक असेलच."

त्या पायलीचा भात विसोपंतांनी लेकरांस वाटला. निशाण पाहून धान्य निघाले, आणि विसोपंतांचा निरोप जाताच बाकी गडांसही पोचले. कोणी दगावले नाही, ही श्रींची कृपा, यंत्राची नव्हे.

मग विसोपंतांनी शालजोडी परत केली आणि अर्ज केला की, आता दार लावणार नाही. अक्कांच्या कोठीतच सुतारासह बसले, आणि एकच यंत्र नव्याने मांडिले, आणि अक्कांस पुसले, "निशाण केव्हा चढावे?" अक्कांनी कोठीच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीस तळहात ठेविला. "धान्य इथवर आले की माझी झोप उडते." जीभ तेथे बसविली. चुकले ते मोडिले, पुन्हा केले, आणि खात्री पटेतो जासूदही चालू ठेविले. मग दुसऱ्या गडी गेले, तो तेथील तळहात निराळ्या उंचीस पडला, म्हणोन तेथे पुन्हा पहिल्यापासून. दरबारी हसले की, विसोपंत गडोगडी बायकांची झोप पुसत हिंडतात. विसोपंतही हसले आणि हिंडत राहिले.

तात्पर्य, यंत्र तीन वर्षांत जाहले आणि एका प्रश्नावाचून अडले. अक्कांच्या कोठीत जीभ आता वर आहे, आणि तळी अन्नपूर्णेची पायली पुन्हा भरून ठेविली आहे. तीस विसोपंतही हात लावीत नाहीत. इति.