तात्यांची गाडी तेल पिते

आमच्या चिखलीच्या गल्लीत सकाळी लोक देवाला हात जोडतात आणि तात्या पिकअपचं बॉनेट उघडतात. इंजिनातलं तेल बघायची पट्टी ओढायची, खांद्यावरच्या टॉवेलला पुसायची, पुन्हा खुपसायची, पुन्हा काढायची, उन्हाकडे धरायची आणि दूधवाला, शाळेचा रिक्षावाला, जो कुणी समोर असेल त्याला सांगायचं, "आज बी प्याली. पिती, पण सांगत न्हाई."

सांगत नाही म्हणजे खाली थेंब गळत नाही. तात्या रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरतात आणि सकाळी तो निकालपत्रासारखा उलटापालटा करून बघतात. पुठ्ठा कोरडा! मग संशय धुरावर, कारण तेल आत जळलं की धूर निळा येतो म्हणे. दुचाकीवर जो दिसेल त्याला ते मागून यायला लावतात. एकदा मलाही स्कूटरवरून चौकापर्यंत त्यांच्या वरातीत जावं लागलं. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून तात्या ओरडत होते, "ताई, निळा का काळा?" निघताना निळा भपका आला, पुढे काहीच नाही. त्या तपासणीपायी माझी कंपनीची बस चुकली ती वेगळीच.

तात्या मूळचे परभणीकडचे. इथल्या वर्कशॉपमधला माल चाकणला पोचवायचा हा त्यांचा धंदा. मूलबाळ नाही. काकू होत्या, त्या दिवाळीच्या आधी गेल्या. काकूंचं एक काम ठरलेलं होतं. संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली की त्या माझ्या खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत यायच्या. "येऊ द्या... येऊ द्या... बस!" मागे विजेचा खांब आणि उघडं गटार. तात्यांना गाडी डोळे मिटूनही लावता आली असती, पण ते लावायचे काकूंच्या आवाजावरच, आरशात म्हणून कधी बघितलं नाही. काकूंचं 'बस' इतकं खणखणीत, की पलीकडून जाणारी रिक्षासुद्धा ब्रेक मारायची.

त्या गेल्या आणि गाडी तेल प्यायला लागली. परवा तर चाकणच्या गेटवर सिक्युरिटीने बजावलं, धूर सोडणारी गाडी पुन्हा आत घेणार नाही. त्या दिवशी तात्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "ताई, ही बंद पडली तर मी सकाळी उठून जाऊ कुठं? भिंतीसंगं बोलत बसू का?"

मला फार वाईट वाटलं. गुरुवारी सुट्टी होती, मी त्यांच्याबरोबर मेकॅनिक मुनीरभाईंकडे गेले.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला खरं कारण हाती लागतं म्हणे. बहुतेकदा तिसऱ्यालाच चहा येतो. तरी मी सुरुवात केली. तेल कमी का होतं? मुनीरभाई म्हणाले, आत जळतंय. का जळतंय? पिस्टनच्या रिंगांना काजळी धरलीय, तेल वर चढतंय. आणि काजळी का धरली?

"गाडी उभ्या उभ्या चालू ठेवत असणार. तसं इंजिन नीट तापत नाही. क्यों तात्या, ठेवता का?"

"छे! घरी आल्याव जराशीक."

मला एकदम आठवलं. मी संध्याकाळी घरी असले, की रोज माझ्या स्वयंपाकघराखाली ती घरघर असते. कुकर होतो, पोळ्या होतात, तरी चालूच. इतकी सवयीची झाली होती, की कानावर येऊनही ऐकू येत नव्हती.

"तात्या, चालू का ठेवता?" मी विचारलं.

तात्या टॉवेलने पट्टी पुसत राहिले. "बस म्हणायला कुणी न्हाई ना. तिनं म्हटल्याबिगर हात किल्लीकडं जातच न्हाई."

पाचवा 'का' मी गिळून टाकला.

मुनीरभाईंनी तेल बदललं, तात्यांना गाडी हायवेवर लांब फिरवून आणायला सांगितलं आणि दम भरला, "पुन्हा उभी चालू ठेवलीत, तर इंजिन खोलावं लागेल."

संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली. मी गॅस बंद करून गॅलरीत आले. खाली गल्लीभर माणसं. 'येऊ द्या' म्हणायचं होतं, पण लाजेने आवाज फुटेना. गाडी आपली आपण मागे आली, जागेवर लागली आणि घरघरत राहिली.

मग मी सगळा जीव एकवटून ओरडले, "बस, तात्या! बस!"

इंजिन बंद झालं.

तात्या बराच वेळ उतरलेच नाहीत. उतरले ते टॉवेलने तोंड पुसत. पट्टीचं तेल सगळं गालांना लागलं होतं. वर बघून म्हणाले, "ती हातभर आधी थांबवायची." मग खाली बघत, "ताई, उद्यापासनं कोणची शिफ्ट हाय तुमची?"

"फर्स्ट. संध्याकाळी घरीच आहे," मी म्हटलं, आणि आत जाऊन सुपरवायझरला फोन लावला, की माझी उद्यापासूनची सेकंड शिफ्ट कुणाशी तरी बदलून द्या.